लेकराचे दात किडू नयेत म्हणून: नागपुरातल्या नव्या आईबाबांसाठी फ्लोराईडची पायरीपायरीने माहिती

दवाखान्यात रोज दोन टोकांचे पालक भेटतात. एक म्हणतात, "मॅडम, फ्लोराईड विषारी असते न, आम्ही बिनफ्लोराईडचीच पेस्ट आणतो." दुसरे म्हणतात, "फ्लोराईडचं एखादं टॉनिक लिहून द्या न, पोरीचे दात लवकर किडून राहिले." काळजी दोघांचीही खरी आहे, फक्त दोघांच्याही हाती अर्धीच माहिती आलेली असते. विदर्भात हा गोंधळ जरा जास्तच, कारण इथे फ्लोराईड दोन वाटांनी घरात येतं. एक वाट पेस्टच्या ट्यूबमधून, दुसरी जमिनीखालून, बोरिंगच्या पाण्यातून. पेस्टमधलं दाताच्या कामी येतं. पाण्यातलं जास्त झालं तर दात बिघडतात आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिलं तर हाडंही बिघडतात.

म्हणून एवढं धरून चाला: फ्लोराईड दाताला लागलं पाहिजे, पोटात कमीत कमी गेलं पाहिजे. खाली सांगितलेलं सगळं यावरच उभं आहे. घरात पहिलंच मूल असेल, नुकतेच नागपुरात राहायला आला असाल, किंवा नव्या लेआउटमध्ये घर बांधून बोरिंगवर असाल, तर हे तुमच्यासाठी.

आधी कीड म्हणजे काय ते थोडक्यात. दातात किडा नसतो. गावाकडे धुरी देऊन कानातून, दातातून किडे काढून दाखवणारे अजूनही भेटतात, त्यांच्याकडे लेकराला नेऊ नका. तोंडात जे जंतू असतात ते साखर आणि पीठ खाऊन आम्ल तयार करतात. दातावरच्या थरात आम्लता वाढून पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. मग लाळ आपलं काम करते, अर्ध्या तासात, कधी त्याहून थोड्या जास्त वेळात आम्ल निवतं आणि खनिजं परत दातात बसू लागतात. ही ये-जा दिवसभर चालूच असते. फ्लोराईड जवळ असेल तर खनिजं लवकर परत बसतात, आणि जो नवा थर बसतो तो आम्लाला जास्त दाद देत नाही. फ्लोराईडचं मुख्य काम हे असं दाताच्या पृष्ठभागावर चालतं. म्हणूनच टॉनिक मागणाऱ्यांना मी टॉनिक देत नाही.

सोबत काय लागेल:
- लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश. मोठ्यांचा ब्रश कापून चालत नाही
- फ्लोराईड असलेली पेस्ट
- मोबाईलचा टॉर्च आणि स्वच्छ, मऊ सुती कापड किंवा गॉझ
- घरी बोरिंग असेल तर एक लिटरच्या दोन स्वच्छ प्लास्टिकच्या बाटल्या

१. घरात पिण्याचं पाणी नेमकं कुठून येतं, ते आधी विचारा

पेस्टच्या आधी पाणी का? कारण पाण्यातून किती फ्लोराईड जातं हे कळल्याशिवाय पुढचे निर्णय नीट घेता येत नाहीत.

महानगरपालिकेचा नळ असेल तर ते पाणी पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयातून आणि कन्हान नदीतून येतं. असं जमिनीवरचं, धरण-नदीचं पाणी फ्लोराईडच्या बाबतीत सहसा बिनधोक असतं. तुम्ही फक्त तेच पाणी पीत असाल तर थेट तिसऱ्या पायरीवर गेलात तरी चालेल.

शहराच्या कडेला मात्र चित्र वेगळं. बेसा, बेलतरोडीकडचे नवे लेआउट घ्या, हिंगणा रोडकडची वस्ती घ्या, अनेक घरांत अजून बोरिंग आणि टँकर चालतं. शिवाय आपल्याकडे बरीच कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांना घेऊन गावी जातात आणि दीड-दोन महिने हातपंपाचं पाणी पितात. तेही मोजायचं.

नागपूर हे खडकांच्या सीमेवरचं शहर आहे. पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेकडे ग्रॅनाईट आणि नाईससारखे जुने खडक. या जुन्या खडकांतल्या काही खनिजांत फ्लोराईड असतं आणि खोल बोअरमध्ये पाणी खडकाला जास्त काळ लागून राहतं, म्हणून तिथे ते जास्त उतरतं. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांत पुढचे दात पिवळे-तपकिरी झालेली मुलं तुम्ही पाहिली असतील. लोक म्हणतात, घासत नाही, आळशी आहे. तो डाग घासून जात नाही. तो फ्लोरोसिस आहे, म्हणजे जास्तीच्या फ्लोराईडचा डाग, दात हाडात तयार होत असतानाच तो आत पडलेला असतो. वर्गात त्या लेकराला कोणी हसत असेल तर शिक्षकांना हे नक्की समजावून सांगा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. फ्लोराईडविरोधी जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक अमेरिकेतल्या वादाचे असतात. तिथे १९४५ पासून, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरापासून सुरुवात करून, सार्वजनिक पाण्यात मुद्दाम मोजून फ्लोराईड घालतात आणि ते घालावं की नाही यावर भांडण आहे. भारतात नळाच्या पाण्यात असं कोणी फ्लोराईड घालत नाही. आपला प्रश्न उलटा आहे, जमिनीनेच दिलेलं जास्तीचं फ्लोराईड काढायचं कसं. तिकडचा वाद इकडे आणून पेस्ट बंद करण्यात काही अर्थ नाही.

२. बोरिंग असेल तर पाणी तपासून घ्या

चव, रंग, वास यांवरून फ्लोराईड कळत नाही. "आमच्या बोरिंगचं पाणी गोड आहे" हे वाक्य मी फार ऐकते. गोड पाण्यातही फ्लोराईड जास्त असू शकतं आणि जड पाण्यात कमी असू शकतं.

नमुना असा घ्या: मोटर पाच-दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपातलं जुनं पाणी निघून जाईल. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा, घट्ट बंद करा. बाटली प्लास्टिकचीच घ्या, फ्लोराईडच्या तपासणीला काच योग्य नाही. बाटलीवर तारीख, पत्ता आणि माहीत असेल तर बोअरची खोली लिहा. घरी आरओ असेल तर दुसऱ्या बाटलीत आरओचं पाणी घ्या. मशीन खरंच काम करतंय का, तेही त्याच फेरीत कळतं.

तपासणी कुठे? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत विचारा. गावात असाल तर ग्रामपंचायतीत सांगा, जलजीवन मिशनमध्ये गावच्या स्रोतांची तपासणी होते आणि सामान्य लोकांनाही माफक शुल्कात पाणी तपासून मिळण्याची सोय आहे. खासगी प्रयोगशाळाही आहेत.

इथे एक मोठा सापळा आहे. "पाणी पिण्यायोग्य आहे का ते बघा" एवढंच सांगितलं तर पुष्कळदा फक्त जंतूंची तपासणी होऊन कागद हाती येतो. लोक तो कागद फ्रीजवर चिकटवून निश्चिंत होतात. अर्जावर "फ्लोराईड" हा शब्द स्वतः लिहा आणि कागद घेताना तो रकाना भरलेला आहे का ते काउंटरवरच बघा.

कागदावरचा आकडा असा वाचा. पाण्याच्या बाबतीत मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) हे एकच समजा. भारतीय मानकानुसार १.० पर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. १.५ च्या वर ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला नको. आंघोळ, कपडे, भांडी यांना खुशाल वापरा, कातडीतून ते आत जात नाही.

नागपूरकरांनी मात्र एक भर धरावी. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, लेकरं दिवसभर पाणी पितात, आणि जितकं पाणी जास्त तितकं फ्लोराईड जास्त. म्हणून आकडा १.० आणि १.५ च्या मध्ये आला आणि घरात आठ वर्षांखालचं मूल असेल, तर निदान त्या मुलासाठी तरी मी दुसरं पाणी वापरायला सांगते. कायमचे दात जबड्यात घडत असतात ते याच वयात, आणि पुढच्या वरच्या दातांसाठी पहिली तीन वर्षं सगळ्यात नाजूक.

पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. वाफ उडते, फ्लोराईड मागेच राहतं, म्हणजे उकळून ते थोडं वाढतंच. कँडलचा फिल्टर, यूव्ही, तुरटी फिरवणं, यांचाही घरी उपयोग नाही. तुरटी आणि चुना ठरावीक मापात वापरून फ्लोराईड काढायची पद्धत आहे. ती आपल्या नागपूरच्याच नीरी संस्थेने विकसित केली आणि नलगोंडा तंत्र म्हणून ओळखली जाते, पण तिच्यात पाण्यातल्या फ्लोराईडप्रमाणे मात्रा मोजावी लागते, ते अंदाजाने करायचं काम नाही. घरगुती उपाय म्हणजे आरओ. त्याचं मेम्ब्रेन वेळेवर बदला आणि अधूनमधून आरओचं पाणीही तपासा. नाहीतर सरळ नळाचं पाणी पिण्यापुरतं भरून आणा.

बाळ वरच्या दुधावर असेल तर हे फारच जपा. आईच्या दुधात फ्लोराईड अगदी नगण्य असतं. पण पावडरचं दूध बोरिंगच्या पाण्यात कालवलं तर बाळाचं सगळं खाणं-पिणं त्याच पाण्याचं होतं.

३. ट्यूबच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचा

पुढच्या बाजूला पुदिना, लवंग, हसरं कार्टून असतं. ते सोडा, ट्यूब उलटी करा. सोडियम फ्लोराईड किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट यांपैकी एक नाव आणि पीपीएमचा आकडा दिसला पाहिजे. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत फ्लोराईड घालायला परवानगी आहे, मोठ्यांच्या पेस्ट साधारण तेवढ्याच असतात. लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये बहुतेकदा ५०० च्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि काहींत अजिबात नसतं. किडीपासून चांगलं संरक्षण १००० च्या पेस्टनेच मिळतं, त्यामुळे माझा कल असा: पेस्ट १००० ची घ्या, पण मात्रा कणभर. ती मात्रा पुढच्या पायरीत.

एकच अपवाद. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड १.५ च्या वर असेल आणि पाणी बदलायची सोय अजून झालेली नसेल, तर थुंकता न येणाऱ्या मुलासाठी कोणती पेस्ट घ्यायची हे पाण्याचा कागद दाखवून दातांच्या डॉक्टरांना विचारा.

एक्स्पायरीची तारीखही बघा, जुन्या पेस्टमधलं फ्लोराईड हळूहळू निकामी होत जातं.

मंजन, कोळशाची पूड, राख, मीठ यांनी दात खरखरीत घासले जातात, इनॅमल झिजतं आणि फ्लोराईड काहीच मिळत नाही. मिश्री आणि गुडाखू तर सरळ तंबाखूच आहेत. आजीबाई सकाळी मिश्री लावतात आणि नातू बाजूला बसून बोट घालतो, हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. आजीशी भांडू नका, पण डबी लेकराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

४. पेस्ट किती: तांदळाचा दाणा, मग वाटाणा

पहिला दात दिसला की, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यापासून, ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढून दाखवतात, तेवढी कोणालाच लागत नाही. पेस्ट नेहमी मोठ्यांनी लावायची आणि ब्रशच्या केसांत थोडी दाबायची, म्हणजे मूल ती चाटून टाकणार नाही.

"गिळलं तर?" हा प्रश्न हमखास येतो. हिशेबच मांडते. तांदळाएवढी पेस्ट म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. १००० पीपीएमच्या पेस्टमध्ये तेवढ्यात ०.१ मिलिग्रॅम फ्लोराईड. दोन वेळच्या ब्रशची सगळी पेस्ट मुलाने गिळली तरी ०.२. आता बोरिंगचं पाणी २ मिलिग्रॅम प्रति लिटरचं असेल आणि मूल दिवसाला एक लिटर पीत असेल, तर पोटात २ मिलिग्रॅम गेलं. पेस्टच्या दहापट, रोज, आणि कोणी त्याची काळजीही करत नाही. म्हणून पाणी आधी.

तरीही ट्यूब मुलाच्या हाती लागू देऊ नका. गोड चवीची पेस्ट काही मुलं खाऊ म्हणून खातात. बरीचशी ट्यूब खाल्ली, पोटात दुखतंय, उलट्या होतायत असं दिसलं तर दूध पाजा आणि ट्यूब सोबत घेऊन लगेच दवाखान्यात या.

५. ब्रश करून थुंका, चूळ भरू नका

ही सवय बदलायला सगळ्यात अवघड, कारण आपल्याला लहानपणापासून खळखळून चूळ भरायलाच शिकवलेलं असतं. पण पेस्टमधलं फ्लोराईड दातावर राहायला हवं. भरपूर चुळा भरल्या की ते सगळं बेसिनमध्ये जातं. फेस दोन-तीनदा थुंकायचा, ओठ पुसायचे, झालं. फारच चिकट वाटलं तर घोटभर पाण्याची एकच चूळ. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.

दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. एकच वेळ जमणार असेल तर सकाळची सोडा, रात्रीची धरा. झोपेत लाळ फार कमी होते, दात रात्रभर उघडे पडतात, आणि दातात अडकलेलं अन्न तसंच राहिलं तर जंतूंना सात-आठ तास मोकळे मिळतात. रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी. दूधही नाही.

सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्ही करून द्यायचा. मुलाला आधी स्वतः करू द्या, मग तुम्ही. लेकराला पुढ्यात, तुमच्याकडे पाठ करून उभं करा, डोकं तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने गाल बाजूला घ्या. असं केलं की मागच्या दाढा दिसतात. हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे ब्रश थोडा तिरपा ठेवून लहान लहान गोल फिरवा. जोर नको. दाढेचा चघळायचा भाग आणि आतली बाजू बहुतेक घरांत राहून जाते. दोन दात एकमेकांना खेटून असतील तर त्यांच्यामध्ये ब्रश पोहोचत नाही, तिथे फ्लॉसचा धागा लागतो.

लिंबू सरबत, संत्र्याचा रस, उसाचा रस प्यायल्यावर लगेच ब्रश नको. आम्लाने मऊ झालेला थर घासला जातो. पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा.

६. महिन्यातून एकदा ओठ उचलून पाहा

दिवाणावर दोघं मोठे समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसा. मुलाचे पाय एकाच्या कमरेभोवती, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. वरचा ओठ अंगठ्याने हळूच वर उचला. कापडाने पुढचे दात पुसून कोरडे करा आणि टॉर्च मारा. कोरडं करणं महत्त्वाचं, ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसतच नाही.

हिरडीच्या कडेला लागून खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी. अजून खड्डा पडलेला नाही. फ्लोराईड, रात्रीचा ब्रश आणि गोडावर ताबा एवढ्यावर ती तिथेच थांबू शकते, भरूनही येते. याच वेळी आलात तर ड्रिल लागत नाही, सुई लागत नाही. तीच रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की ती संधी गेली.

फ्लोरोसिसचे पांढरे पट्टे वेगळे. ते दातावर आडवे, ढगाळ, आणि डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच असतात, हिरडीच्या कडेपुरते नसतात. लोहाच्या सिरपने येणारा काळा थर वेगळा. तो पृष्ठभागावर असतो, साफ करता येतो, त्यासाठी सिरप बंद करू नका. नक्की कळत नसेल तर उजेडात फोटो काढून ठेवा आणि दाखवा.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांत वरचे चार पुढचे दात आधी जातात. खालचे जिभेच्या आड असल्यामुळे बरेचदा वाचतात. चोखणीला मध किंवा साखर लावायची पद्धत काही घरांत आहे, ती आजच बंद करा.

७. गोड किती यापेक्षा किती वेळा, ते मोजा

प्रत्येक वेळी गोड खाल्लं की अर्धा तास तरी आम्लाचा. दोन लाडू जेवणानंतर एकदम खाल्ले तर एकच अर्धा तास. तेच दिवसभर कुरतडत बसलं तर दात दिवसभर आम्लात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरून लेकरं चॉकलेटं आणि खाऊ गोळा करून आणतात. तो आनंद हिरावून घेऊ नका. डबा भरून ठेवा आणि रोज जेवणानंतर त्यातलं एक द्या.

चहा-बिस्कीट, चहा-टोस्ट हा आपल्याकडचा मुलांचा सकाळचा ठरलेला नाश्ता. बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचांत बसतो आणि गोळीपेक्षा जास्त वेळ टिकतो. उन्हाळ्यात सरबताची बाटली घेऊन दिवसभर घोट घोट पिणं, हे दातांना फार जड जातं. तहानेला पाणी, सरबत जेवणासोबत. रोज घ्यायची औषधं गोड सिरपमध्ये असतील तर नंतर पाणी पाजा.

आणि नववी-दहावीतली मुलं असतील तर खर्ऱ्याकडे लक्ष ठेवा. सुपारी, तंबाखू, चुना. कीड त्यापुढे लहान गोष्ट आहे. गालाची कातडी आतून कडक होते, तोंड उघडेनासं होतं, पुढे कर्करोगाचा धोका असतो. मुलाचं तोंड तीन बोटं उभी मावतील एवढं उघडत नसेल, तिखट अजिबात सहन होत नसेल, तर रागावण्याआधी दवाखान्यात घेऊन या.

८. सहाव्या वर्षी येणारी दाढ ओळखा

सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, एक नवी दाढ येते. तिच्या जागेवरचा दुधाचा दात पडून ती येत नाही, म्हणून आईबाबांना ती आल्याचं कळतच नाही, आणि कळलं तरी दुधाचीच वाटते. "दुधाचीच आहे न मॅडम, पडून जाईल." ती पडत नाही. ती जन्मभराची दाढ आहे, आणि नववीत जाईपर्यंत ती किडून गेलेली असते अशी मुलं मला नको तितकी भेटतात.

येताना ती बाकीच्या दातांपेक्षा बुटकी असते, ब्रश तिच्यावरून निघून जातो. वरच्या खाचा खोल असतात, ब्रशचा केसही आत शिरत नाही. म्हणून ती पूर्ण वर आली की सीलंट लावून घ्या. खाचांमध्ये पातळ राळेसारखा पदार्थ भरून दिव्याने घट्ट करतात. दुखत नाही, दात कोरावा लागत नाही. बाराव्या वर्षी तिच्यामागे दुसरी येते, तिलाही तेच.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग भरायचे कशाला, हाही प्रश्न असतो. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्यांवर मूल जेवतं, आणि खालच्या पक्क्या दाताची जागाही त्याच धरून ठेवतात.

९. दुखण्याआधी दवाखान्यात या

पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत. नंतर दर सहा महिन्यांनी.

किडीचा धोका जास्त असलेल्या मुलांना आम्ही फ्लोराईड व्हार्निश लावतो, वर्षातून दोनदा, काहींना तीन महिन्यांनी. ५ टक्के सोडियम फ्लोराईडचं, म्हणजे २२,६०० पीपीएमचं हे औषध ऐकायला भीतीदायक वाटतं, पण लागतात मोजके थेंब आणि ते दाताला चिकटून बसतं. दात एक दिवस पिवळसर दिसतील. त्या दिवशी कडक आणि गरम खाणं नको, ब्रश थेट दुसऱ्या सकाळी. कोरावं न लागता कीड थांबवणारं चांदीयुक्त फ्लोराईडही आहे. घाबरणाऱ्या लहान मुलांत ते फार उपयोगी, मात्र किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे आधी समजून घेऊनच हो म्हणा.

खासगीत परवडत नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचं. हिंगणा रोडकडे खासगी दंत महाविद्यालयंही आहेत. तिथली रीत साधारण अशी: सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, आधी तपासणीच्या विभागात दाखवायचं, तिथून मुलांच्या दातांच्या विभागात पाठवतात. काम शिकाऊ डॉक्टर करतात, वरिष्ठ तपासतात. वेळ जास्त लागतो, काम काळजीपूर्वक होतं. लेकराला पोटभर खाऊ घालून न्या, शाळेचा एक दिवस धरून चाला.

सोबत न्यायचं:
- आईचं किंवा वडिलांचं आणि असेल तर मुलाचं आधार कार्ड
- जुना केस पेपर आणि दातांचे आधीचे एक्स-रे
- चालू औषधांची चिठ्ठी, हृदयाचा आजार किंवा ॲलर्जी असेल तर त्याचे कागद
- बोरिंगच्या पाण्याचा तपासणी कागद
- घरी वापरता ती पेस्टची ट्यूब

शेवटची वस्तू कोणी आणत नाही. आणा. निम्मी उत्तरं तिच्या पाठीवर असतात.

मूल अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यात दातही बघतात. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

१०. हे दिसलं तर पुढच्या सोमवारची वाट पाहू नका

रात्री दाताच्या दुखण्याने मूल उठत असेल, हिरडीवर पुवाची पुळी दिसत असेल, तर दुसऱ्याच दिवशी दाखवा. पुळी फुटून दुखणं थांबलं तरी आतला संसर्ग गेलेला नसतो. दुखऱ्या दातात लवंगेचं तेल ओतू नका, हिरडी भाजते. गोळी गालात दाबून ठेवू नका, तिथे जखम होते. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका.

गाल सुजला, ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली मानेकडे सरकली, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्याची वेळ मिळण्याची वाट न बघता, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. जाताना मुलाचं वजन आणि शेवटचं औषध कधी दिलं ती वेळ कागदावर लिहून घ्या.